खंडाचा दिवस

यादी लागली सोमवारी आणि सासूबाईंच्या कानावर गेली मंगळवारी. म्हणजे बाटलीताईला मध्ये सुखाचा असा एकच दिवस मिळाला.

लोकांच्या पैशातून पगार घेता ना, मग किती घेता ते लोकांना कळू दे, असा एक सरकारी हुकूम निघाला होता. त्याप्रमाणे वैद्यकीय संशोधन संस्थेनं आपल्या यच्चयावत माणसांचे पगार संकेतस्थळावर टाकून दिले. संचालकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत. नाव, हुद्दा, मूळ पगार, भत्ते, एकूण. झालं! कुणाचा मेहुणा, कुणाचा घरमालक, कुणाच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी, सगळे मोबाइलात डोकं घालून बसले. एका शास्त्रज्ञाच्या धाकट्या भावानं तर म्हणे भर दुपारी फोन करून विचारलं, की एवढा पगार असताना वडिलांच्या औषधांचे निम्मे पैसे माझ्याकडे मागायला तुला लाज कशी वाटत नाही? त्या शास्त्रज्ञाचं दिवसभर कशात लक्ष नव्हतं. संस्थेतल्या बाकीच्यांचंही नव्हतं म्हणा.

सासूबाईंना ही यादी म्हणजे पर्वणीच वाटली. सोळा वर्षं त्यांनी जिन्यात, नळावर, दवाखान्याच्या बाकावर, जिथं माणूस भेटेल तिथं "आमची सून सरकारात आहे" असं सांगितलं होतं. आता छापील पुरावा आला. शेजारणीच्या मुलीला फोन घेऊन बसवलं, स्वतः चष्मा पुसून शेजारी बसल्या, आणि शेजारणीलाही मुद्दाम हाक मारून बोलावलं. तासभर शोधाशोध झाली. मग शेजारीण "आमटी करपेल" म्हणून उठून गेली, आणि गेली ती काही न बोलता गेली. सासूबाईंना त्या न बोलण्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी ताई चपला काढते आहे तोच सासूबाई दारात उभ्या.

"तुझं नाव नाही."

"नसेल, आई."

"नसेल म्हणजे? दोनदा बघितलं. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. झाडूवाल्याचं आहे. उंदरांना खायला घालणाऱ्याचंसुद्धा आहे! तुझं नाही."

"तो कायम आहे. मी कायम नाही."

"म्हणजे तू सरकारात नाहीस?"

ताईनं चपला भिंतीशी सरळ लावल्या. तिनं खोटं असं कधी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि तिनं ते मोडून काढलं नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते ऐकायला बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

"मग सोळा वर्षं," सासूबाई म्हणाल्या, "सकाळी डबा घेऊन तू जातेस कुठं?"

खिडकीशी नवरा शिलाई मशिनवर बसला होता. त्याचा पाय थांबला. त्याला सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला, "आई, तिला आधी आत तर येऊ दे." मग सुईत दोरा घालायचा म्हणून त्यानं सुई डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, दोनदा चुकला, आणि तिसऱ्या वेळी ताईनंच पुढं होऊन दोरा ओवून दिला.

ती जायची कुठं ते आता सांगायला हवं.

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर पेशींची खोली होती. माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी तिथं चपट्या बाटल्यांमध्ये जिवंत ठेवायच्या, अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात. त्यांच्यावर नवी औषधं लावून बघायची. त्या पेशींना वेळच्या वेळी खाऊ घालायचं, गर्दी झाली की एका बाटलीतून चार बाटल्यांत सोडवायचं, कुठं बुरशी धरली की ओळखायचं, हे सगळं ताई करायची. म्हणून ती बाटलीताई. हे नाव सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं होतं. सोळा वर्षांत किती शास्त्रज्ञ आले, नाव कमावून गेले. पेशी मात्र ताईच्याच हाताला धार्जिण्या होत्या. ती दोन दिवस तापानं पडली तर तिसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडमचा स्वतःचा फोन यायचा.

पण तिचा पगार संस्थेच्या पगारांतून निघायचा नाही. तो निघायचा प्रकल्पाच्या पैशातून. सोमवारी यादी लागली तेव्हा तिनं स्वतःला शोधलं होतं, आणि सापडलीही होती. पगारांच्या यादीत नाही, खर्चाच्या यादीत. हातमोजे, काचेच्या नळ्या, उंदरांचा खुराक, आणि त्याखाली "कुशल साहाय्य, एक". सगळ्यांबरोबर तीही हसली. "मेलं, निदान उंदरांच्या वर तरी टाकायचं!" असंही म्हणाली. मग मोरीत जाऊन नळ सोडून पाच मिनिटं रडली.

प्रकल्पाच्या माणसाचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की एक दिवस खंड, आणि मग पुन्हा नवा करार. सलग नोकरी झाली असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून ही युक्ती. त्या एका दिवशी माणूस संस्थेचं कुणी नाही. पगार नाही, दार उघडायचं कार्ड बंद, हजेरीपटावर नाव नाही. संस्थेत त्याला "खंडाचा दिवस" म्हणत, आणि म्हणताना सगळे थोडं हसत.

आता खंड पडला हे पेशींना कोण सांगणार? त्यांना त्या दिवशीही भूक लागायचीच. पहिल्या वर्षी ताई मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, उद्या माझा खंड आहे आणि उद्याच बाटल्या सोडवायच्या आहेत. काय करू?" मॅडम कागदांवरून मान न उचलता म्हणाल्या, "काय करायचं ते तू बघ. मला विचारू नकोस." साहेबलोकांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते ताईला कळत होतं. ती दादांकडे गेली.

दादा म्हणजे प्रयोगशाळेतले कायम साहाय्यक. कागदोपत्री पेशींची खोली त्यांच्याचकडे होती, पण ते वर्षानुवर्षं खालच्या मजल्यावर वाफेचं भांडं सांभाळत. वापरलेल्या काचा, कपडे, बाटल्या त्या भांड्यात घालायच्या, झाकण आवळायचं, अर्धा तास वाफ द्यायची, काढायचं. माणूस साधा, पापभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "त्यात काय, ताई!" असं म्हणून त्यांनी आपल्या कार्डानं मागचं दार उघडून दिलं आणि ती काम करत होती तोवर दारात उभे राहिले, कुणी येतंय का ते बघत. काम झालं. वहीत नोंद करायची वेळ आली. ताईनं सगळी नोंद आपल्या हातानं लिहिली, सहीच्या जागेशी आली, आणि थांबली.

"दादा, सही तुम्ही करा. माझी दिसली तर मॅडमच्या गळ्याशी येईल."

दादांनी सही ठोकली. अकरा महिन्यांच्या हिशेबानं सोळा वर्षांत सतरा खंड झाले आणि सतराही वेळा अक्षर ताईचं, सही दादांची. कुणी मागितली नव्हती. तिनं स्वतः वही त्यांच्यापुढं सरकवली होती. चांगुलपणानं. आता या चांगुलपणाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

यादीनं एक काम मात्र चोख केलं. कुणीतरी हिशेब घातला, की संस्थेत रोज फाटकातून आत जातात नऊशे माणसं आणि यादीत नावं सहाशेच. मग उरलेले तीनशे कोण? भुतं आहेत काय? ओरड झाली, वर्तमानपत्रांत आलं, आणि पंधरा दिवसांत सरकारचा दुसरा हुकूम निघाला: दहा वर्षांहून जास्त काम केलेल्या प्रकल्पाच्या माणसांना कायम करून घ्या, कायम माणसाचा पगार द्या. नोकरीत खंड असतील तरी चालतील; मात्र निदान पाच खंडांच्या दिवशी त्या माणसानं प्रत्यक्ष काम केल्याचं प्रयोगशाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं पाहिजे. तीन माणसांची समिती सगळ्यांचे अर्ज तपासणार होती.

ताईनं हुकूम वाचला आणि तिला वाटलं, हात्तिच्या! पाचच? मी तर सतराही वेळा होते.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती जिने धावत चढून. कायम झाली तर पगार जवळजवळ चौपट. पण पगाराचं तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा ती नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या डोळ्यांचं होईल." त्याच्या डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता, एका डोळ्याचा बराच गेला होता, दुसऱ्याचा सुटू लागला होता. वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करा, नंतर येऊन उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाहेर तो खर्च झेपणारा नव्हता. आणि संस्थेच्याच आवारातल्या रुग्णालयात कायम नोकरांच्या घरच्यांना सगळं फुकट. सोळा वर्षं ती त्या रुग्णालयाच्या दारावरून डबा घेऊन जात-येत होती.

नवऱ्यानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "मग परत एक यादी लागेल ना? त्यात असेल ना नाव?" त्यांना शेजारणीला पुन्हा बोलवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईनं जुन्या वह्या काढल्या आणि ती पहिल्याच सहीवर अडकली. सह्या दादांच्या आहेत हे ती विसरली होती असं नाही. पण माणसाला जे आपण केलं ते आपल्याच नावावर आहे असं वाटत राहतं. सतरा पानं तिनं एकेक करून उलटली. मागच्या दाराची नोंद बघितली तर तिथंही दादांचंच कार्ड. कागदावर बघायला गेलं तर ती त्या दिवशी कुठंच नव्हती.

मॅडमकडे गेली. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "मी कसं लिहून देऊ? करार नसलेलं माणूस त्या खोलीत शिरलं हे मला माहीत होतं असं मीच लिहून दिलं तर माझीच चौकशी लागेल. दादा लिहून देतात का बघ. त्यांची सही आहे ना?"

दादा लगेच म्हणाले, "त्यात काय, ताई! देतो की लिहून." ताईचा जीव भांड्यात पडला. पण आठवडा गेला आणि कागद आला नाही. दुसरा आठवडा गेला. ती खाली गेली की दादा नेमके कुठंतरी गेलेले असत. समोर आले तर "उद्या नक्की" म्हणत आणि नजर भलतीकडेच.

दादा असे का टाळतात ते कळावं म्हणून ती पगारबाबूकडे गेली. खालच्या मजल्यावर सगळ्यांचे पगार काढणारा माणूस, जिभेला हाड नसलेला. त्याच्यापुढं यादी उघडीच होती. दादांच्या नावापुढं भत्त्यांची रांग: घराचा, प्रवासाचा, आणि एक "जोडकामाचा".

"हा कसला हो?"

"तो? एखाद्याची जागा रिकामी असली आणि दुसऱ्यानं ते काम केलं तर मिळतो. वहीत सही दिसली की आपोआप लागतो. तुमच्या दादांना वर्षाकाठी एखादा दिवस मिळतो. नियमानं." पगारबाबू हसला. "नशीबवान आहेत. आम्हाला नाही कुणी देत."

ताई जिन्यावर बसली. रिकामी जागा म्हणजे तिची. ती जिथं फुकट राबत होती त्या दिवसाचे पैसे दादांना मिळत होते. सतरा वेळा मिळाले, पण एकदाही त्या माणसानं तोंड उघडलं नव्हतं. तिला राग आला, आणि रागाहून जास्त काहीतरी लागलं, कारण घरी आजारी नवरा आणि बाहेर साहेब, या दोन्हींच्या मध्ये तिला आपलं म्हणावं असं एवढं एकच माणूस होतं.

वाफेच्या खोलीत ती न सांगता गेली. दादा झाकण आवळत होते. तिला पाहून त्यांनी हात पुसले, आणि तिच्या तोंडाकडे बघताच त्यांना कळलं.

"पहिल्या वर्षी आले ते मला समजलंच नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी समजलं. म्हटलं ताईला सांगू. मग वाटलं, एवढ्याशा पैशांचं काय सांगायचं? आणि तिसऱ्या वर्षी म्हटलं, आता कोणत्या तोंडानं सांगू."

"किती झाले सगळे मिळून?"

"तुझ्या एका महिन्याच्या पगाराएवढे होतील. तेवढेही नसतील." दादा स्टुलावर बसले. "पैशांचं राहू दे गं, देतो मी. पण सही खोटी म्हटलं की भत्ता खोटा ठरतो. भत्ता खोटा म्हणजे अफरातफर. चार महिन्यांवर निवृत्ती आली आहे. पेन्शन अडकवून ठेवतील. म्हातारपणी कुणाच्या दारात उभा राहू?"

"मला पैसे नकोत, दादा." ताईचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मला दिवस हवेत. सतरातले पाच द्या. बाकीचे बारा तुम्हीच ठेवा. पाच दिवस चुकून सही केली म्हणा, घाईत केली म्हणा, काहीही म्हणा. त्याचे डोळे जातील हो."

दादांनी मान खाली घातली. वाफेचा दाब चढत होता आणि भांडं हळूहळू शिट्टी देऊ लागलं होतं.

"बघतो," ते म्हणाले.

समितीची तारीख आली. नवरा म्हणाला, मीही येतो. तो खाली फाटकाजवळच्या बाकावर बसला, कारण अनोळखी जिन्यांची त्याला आता भीती वाटायची. ताई एकटीच वर गेली.

लांबट टेबलाच्या पलीकडं तिघं होते. मध्ये अध्यक्ष, हिशेब खात्यातले, अगदी सौजन्यानं बोलणारे. एका बाजूला कायदा बघणाऱ्या बाई, दुसऱ्या बाजूला प्रशासनाचे एक गृहस्थ, जे सारखे घड्याळ बघत. आणि टेबलाच्या टोकाला, माहिती पुरवायला म्हणून, मॅडम. तिघांपैकी एकानंही कधी पेशींच्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. वह्या टेबलावर होत्या.

"अक्षर माझं आहे," ताई म्हणाली. "सगळीकडं माझंच आहे. ताडून बघा."

"अक्षराचं काय आहे, बाई," कायदा बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "एक जण सांगतो, दुसरा लिहितो, असं होतं प्रयोगशाळांत. जबाबदारी सहीची. या सह्या ज्यांच्या आहेत त्यांना बोलावलंय."

दादा आत आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अध्यक्षांनी वह्या त्यांच्यापुढं केल्या आणि विचारलं, की या दिवशी काम कुणी केलं?

दादांनी ताईकडं पाहिलं नाही. "मी," ते म्हणाले.

"सतराही दिवशी?"

"हो. सतराही."

ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. अध्यक्ष सज्जन होते, त्यांनी विचारलं, "यांना काही विचारायचं आहे का तुम्हाला? विचारा, विचारा. उगाच मनात राहायला नको."

काय विचारावं? तिला एकदम सुचलं. पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. त्या सोडवायच्या तर त्यांच्यावर एक औषध घालावं लागतं, चिकटलेलं सोडवणारं. ते तीन मिनिटं ठेवायचं. हातात घड्याळ घेऊन, तीन. पाच झाली तर पेशी आजारी पडतात, दहा झाली तर संपलंच. त्या खोलीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि त्या सतरा दिवसांतल्या प्रत्येक दिवशी तिनं हेच केलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "बाटलीत सोडवायचं औषध घातलं की किती वेळ ठेवायचं?"

दादांनी आता तिच्याकडं पाहिलं. मग मॅडमकडं पाहिलं. मग टेबलाकडं.

"अर्धा तास," ते म्हणाले.

वाफेच्या भांड्याचा वेळ! ताईला हसू फुटणार होतं. झालं, आता कळेल सगळं. तिनं मॅडमकडं पाहिलं. याच मॅडमनी एका पोरीला चार मिनिटं ठेवल्याबद्दल सगळ्यांसमोर रडवलं होतं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. चूक त्यांना कळली होती, यात शंकाच नव्हती.

अध्यक्ष त्यांच्याकडं वळले. "मॅडम, आम्हाला यातलं काही कळत नाही. बरोबर आहे का उत्तर?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"हो," त्या म्हणाल्या. "साधारण तेवढाच."

"तीन मिनिटं!" ताई ओरडली. "साहेब, तीन मिनिटं ठेवतात! मॅडम, सांगा ना! तुम्हीच शिकवलंत मला!"

"बाई, बाई," अध्यक्ष म्हणाले, "शांत व्हा. विभागप्रमुखांनी सांगितलं ना."

"तुम्ही साहाय्यक, त्या शास्त्रज्ञ," कायदा बघणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या काही वाईट मनानं बोलल्या नाहीत. प्रशासनाच्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. अध्यक्षांनी कागदावर सावकाश लिहिलं, उत्तर समाधानकारक, नोंद सिद्ध होत नाही, आणि ताईला वाचून दाखवून खाली तिची सही घेतली. ही सही मात्र तिचीच हवी होती.

बाहेर बाकावर दादा बसले होते. गुडघ्यांवर हात, शर्टाची इस्त्री मोडलेली.

"अर्ध्या तासात एक पेशी उरली नसती, दादा."

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. "तीन मिनिटं. ठाऊक आहे मला. सतरा वेळा दारात उभा राहून बघितलंय की तुला घड्याळ घेऊन. म्हटलं, मी चुकीचं सांगतो, मॅडम पकडतील. त्यांनी पकडलं असतं की तुझं झालं असतं. मला माझ्या तोंडानं कबूल करावं लागलं नसतं. त्या हो म्हणतील असं स्वप्नातही वाटलं नाही गं मला."

ताई त्यांच्याकडं बघत राहिली. या माणसाला मारावं की जवळ बसून याच्याबरोबर रडावं, ते तिला कळेना.

"मग आता सांगा," ती शेवटी म्हणाली. "अजून आतच आहेत सगळे. दार उघडं आहे. जा, सांगा."

दादा उठले. दाराकडं दोन पावलं गेलेही. आतून मॅडमचा आवाज येत होता, पुढच्या अर्जाचं काहीतरी. दारात शिपाई उभा होता. त्यानं विचारलं, "काय हो, आत काही राहिलंय का तुमचं?"

दादांनी शर्टाची मोडलेली इस्त्री हातानं सारखी केली.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

शिपायानं पुढच्या माणसाला आत घेतलं आणि दार लावलं. दादा जिन्याकडं गेले, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि ताईनंही हाक मारली नाही. ते बरेच खाली गेल्यावर मग ती उतरली.

फाटकाजवळच्या बाकावर नवरा बसला होता. पावलांवरून त्यानं तिला ओळखलं आणि तो घाईनं उठून उभा राहिला. तिचे डोळे रडून सुजले होते, नाक लाल झालं होतं, रस्त्यानं जाणारी परकी माणसंही वळून बघत होती. त्याला यातलं काही दिसलं नाही. तो हसून म्हणाला, "झालं ना?"

म्हणून ते तिला तोंडानं सांगावं लागलं.